कपाटावरचं हेलिकॉप्टर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ४४, नोकरी हिशेबाची. भाच्याच्या वाढदिवसाला आणलेलं रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर (एकावर एक दोन पंखे असलेलं) यांनी पहिल्याच संध्याकाळी घरभर फिरवलं आणि सोफ्याच्या हातावर अलगद उतरवूनही दाखवलं. तिथून नाद लागला. दोन महिन्यांनी ओळखीतल्या एकांकडून ४५० आकाराचं, सहा चॅनलचं (चॅनल म्हणजे रिमोटवरून जाणारी एकेक वेगळी आज्ञा) वापरलेलं हेलिकॉप्टर रिमोट-बॅटरीसकट घेतलं. घरामागच्या मोकळ्या जागेत सुरू केलं, तर तीन सेकंदांत आडवं. पाती आणि शाफ्ट बदलून पंधरा दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. "या वेळी पात्याचा तुकडा उडून मागच्या दरवाजापर्यंत गेला, बायको तिथेच उभी होती, पण कुणाला काही झालं नाही." तेव्हापासून हेलिकॉप्टर कपाटावर पडून आहे. बायको म्हणते, विकून टाका. मित्र म्हणतो, ड्रोन घे. ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणतात, याहून मोठं घ्या, मोठं जास्त स्थिर असतं. सिम्युलेटरबद्दल ऐकलंय, "पण या वयात व्हिडिओ गेम खेळत बसायचं का?" आणि शेवटचा प्रश्न: "माझ्या हातातच ते नाही, असं समजायचं का?"

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. तीन सेकंदांत आडवं झालेल्या हेलिकॉप्टरवरून कुणाच्याही हाताबद्दल काही ठरत नाही. तुमच्या हातांना अजून संधीच मिळालेली नाही. दोन्ही वेळा तेवढ्याच वेळात तसंच झालं, हे वाचून माझा पहिला संशय तुमच्यावर गेलाच नाही, यंत्रावर गेला. त्याकडे येतेच. आधी भाच्याचं हेलिकॉप्टर.

ते इतकं शहाण्यासारखं उडालं, कारण ते शहाणं बनवलेलंच असतं. एकावर एक असलेले दोन रोटर उलट-सुलट दिशेने फिरतात, त्यामुळे अंग गोल फिरवणारा जोर आपोआप कटतो. वरच्या रोटरला जोडलेली वजनाची दांडी ते पुन्हा पुन्हा सरळ करत राहते. स्टिक सोडली की ते जागेवर येतं. तुम्ही त्याला फक्त वर-खाली करत होता आणि कुठे जायचं ते सांगत होता. तोल ते स्वतःच सांभाळत होतं. सहा चॅनलचं कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून वर-खाली होणारं, असं वागत नाही. त्याला उजवीकडे झुकवून स्टिक सोडलीत तर ते झुकलेलंच राहतं आणि उजवीकडे पळत सुटतं. सरळ करायचं तर उलटी स्टिक द्यायची, आणि ती वेळेवर काढूनही घ्यायची. तळहातावर काठी उभी धरून चालताना हात जसा सारखा बारीक बारीक सरकत असतो, तसं हे काम. दोघांनाही आपण हेलिकॉप्टर म्हणतो, पण पहिल्यावर हात बसला म्हणून दुसरं येतं, असं नाही. तुमच्या निराशेचं मूळ मला इथे दिसतं. तुम्ही स्वतःला 'थोडं येणारा' समजून मैदानात उतरलात आणि आपटलात. 'काहीच न येणारा' समजून उतरला असतात तर एवढं लागलं नसतं.

आता यंत्र. वापरलेलं हेलिकॉप्टर म्हणजे दुसऱ्याच्या हाताला लावलेलं वाद्य. तुमचं फ्लायबारलेस आहे असं धरून चालते, म्हणजे डोक्यावर आडवी दांडी नाही आणि तोल सांभाळायला इलेक्ट्रॉनिक जायरो आहे. या जायरोला एकच गोष्ट चुकीची शिकवली गेली असेल, तर हेलिकॉप्टर कलल्यावर जायरो त्याला सावरायच्या ऐवजी त्याच बाजूला आणखी ढकलतो. मग जगातल्या कुणाच्याही हातात रिमोट द्या, तीन सेकंदांत आडवं. दुरुस्तीत एखादा सर्व्हो (चकती किंवा शेपटी हलवणारी छोटी मोटर) बदलला गेला, जायरोची डबी उलटी चिकटवली गेली किंवा सेटिंग पुसलं गेलं की हे सहज होतं.

तपासायला दहा मिनिटं लागतात. मुख्य पाती काढा, शेपटीची पातीही काढा. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन सोडवून ठेवा, म्हणजे चुकूनही काही फिरणार नाही. रिमोट आधी चालू करा, मग बॅटरी जोडा, आणि जोडल्यावर काही सेकंद हेलिकॉप्टरला हात लावू नका. जायरो त्या वेळात 'स्थिर म्हणजे काय' हे शिकत असतो. आता हेलिकॉप्टर हातात धरून झटक्यात उजवीकडे कलवा आणि मधल्या खांबावरची चकती, म्हणजे स्वॉशप्लेट, बघा. पाण्याचं भांडं तिरकं केलं तरी पाणी सपाट राहतं ना, तसं त्या चकतीने जमिनीशी सपाट राहायचा प्रयत्न केला पाहिजे. नाक खाली करा, चकती मागे कलली पाहिजे. तुम्ही कलवाल त्याच बाजूला ती आणखी कलली, तर तुमचा गुन्हेगार सापडला. शेपटीचंही तसंच. आधी रिमोटवर शेपटीची स्टिक उजवीकडे देऊन शेपटीचा सरकता भाग कुठे जातो ते बघून ठेवा. मग स्टिक सोडून नाक हाताने झटकन डावीकडे फिरवा. तो भाग मघासारखाच सरकला पाहिजे. शेवटी उजवी स्टिक उजवीकडे दिल्यावर चकती उजवीकडेच कलते ना आणि वर-खालीची स्टिक वर दिल्यावर पाती धरणाऱ्या ग्रिपची पुढची कड वर उचलली जाते ना, हे बघून घ्या. (तुमच्या रिमोटवर वर-खाली डाव्या हाताला असेल, असं मी धरते. त्याला मोड २ म्हणतात. मोड १ मध्ये ती उजव्या हाताला येते. तुम्हाला शिकवणारं कुणी भेटणार असेल तर त्यांचा जो मोड तोच घ्या, आणि एकदा घेतला की आयुष्यात बदलू नका.)

हे सगळं बरोबर निघालं, तर दुसरा संशय उड्डाणाच्या पद्धतीवर. नवशिका माणूस घाबरत घाबरत स्टिक वर नेतो. हेलिकॉप्टर अर्धवट हलकं होतं, जमीन सोडत नाही आणि नीट टेकलेलंही नसतं. तेवढ्यात ते जरा सरकतं, एक पाय गवतात अडकतो आणि त्या अडकलेल्या पायाभोवती सगळं यंत्र उलथतं. मोठ्या, माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरांनाही हा धोका असतो. त्यात फ्लायबारलेसची एक खोड अशी की, जमिनीवर असताना तुम्ही स्टिकला थोडा जरी धक्का दिलात तर चकती हळूहळू कलतच जाते. ती वाकडी दिसली की माणूस दुरुस्त करायला जातो आणि आणखी बिघडवतो. जमिनीवर असताना चकतीशी खेळायचं नाही. पातं पूर्ण वेगाला येऊ द्यायचं, आणि मग ठाम हाताने एका दमात डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलायचं. ठाम, पण हिसका न देता. फूटभर उंची सुरक्षित वाटते, पण तसं नसतं. पात्यांनी खाली फेकलेली हवा जमिनीवर आपटून तिथे गोंधळ घालत असते, आणि सावरायला जागाही नसते.

तिसरा संशय रिमोटच्या सेटिंगवर. आधीचा माणूस उलटसुलट कसरती करणारा असेल, तर त्याने वर-खालीच्या स्टिकचं खालचं टोक पात्यांच्या उणे, म्हणजे उलट्या, दहा-बारा अंशांच्या कोनावर लावलेलं असू शकतं. म्हणजे तुम्ही घाबरून स्टिक खाली ओढलीत की हेलिकॉप्टर नुसतं उतरत नाही, पूर्ण ताकदीने स्वतःला जमिनीत खुपसतं. खालचं टोक सुरुवातीला उणे दोन-तीन अंशांवर आणून ठेवा, आणि बाकीच्या स्टिकचा तिखटपणाही कमी करा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. पात्याचा तुकडा दरवाजापर्यंत गेला, बायको तिथेच उभी होती, पण कुणाला काही झालं नाही. हे तुम्ही पुढचं वाक्य लिहिता लिहिता लिहून गेलात. त्यांच्या बाजूने ते वाक्य कसं दिसलं असेल? ४५० आकाराच्या हेलिकॉप्टरच्या रोटरचा व्यास ७० सेंटिमीटरच्या आसपास असतो. मिनिटाला २,७०० फेरे धरले, तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतं. त्यातला तुकडा त्यांच्या पायाशी येऊन पडला. आणि आता तुम्ही 'पुन्हा करू या' म्हणण्याच्या तयारीत. "विकून टाका" याचा अर्थ तुम्ही 'हिला माझा छंद खेळणं वाटतो' असा लावलेला दिसतो. मला तसं वाटत नाही. त्या घाबरल्या असाव्यात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. या छंदात पात्याने बोटं गेल्याच्या घटना आहेत, आणि चांगला हात बसलेल्या माणसांचा स्वतःच्याच हेलिकॉप्टरने जीव गेल्याच्याही. त्यांना "काही होत नाही गं" म्हणू नका. घरामागे यापुढे पाती लावून मोटर सुरू करणार नाही, हे सांगा आणि पाळा. ४५० साठी मोकळं मैदान हवं, तुम्ही त्यापासून निदान दहा मीटर लांब हवं, आणि बघणारे सगळे तुमच्या पाठीमागे. माणसं समोर आली की उतरवायचं.

आणि रिमोटवर थ्रॉटल होल्ड नावाचं बटण असतं, ते दाबलं की मोटर बंद म्हणजे बंद. बॅटरी जोडण्याआधी ते चालू, हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवून लांब जाईपर्यंत चालू, उतरल्यावर पहिलं काम तेच. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बॅटरी जोडून वाकले होते आणि गळ्यात अडकवलेल्या रिमोटची स्टिक स्वेटरच्या बाहीला लागली. पाती गुरगुरली, अर्धा फेरा घेतला आणि माझ्या मनगटापासून चार बोटांवरून गेली. होल्ड लावलेलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही.

आता "मोठं घ्या, स्थिर असतं." हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त धोकादायक. मोठ्या रोटरला जडत्व जास्त असतं, ते झटके कमी खातं, वाऱ्यालाही कमी बधतं आणि लांबून नाक-शेपटी स्पष्ट दिसते. ७०० आकाराचं यंत्र एखाद्या मुरलेल्या माणसाच्या हातात बघा, लोण्यातून सुरी गेल्यासारखं चालतं. पण त्याच ७०० चा व्यास दीड मीटरच्या वर असतो, वजन पाच किलोच्या घरात, आणि २,००० फेऱ्यांना टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या जवळपास जातो. जे घरामागे ४५० ने केलं तेच या यंत्राने केलं असतं, तर हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं. शिवाय आकार वाढला की प्रत्येक आपटीचं बिलही वाढतं. 'मोठं शिकायला सोपं' हे म्हणणं ज्याला शिकून झालंय त्याचं असतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

ड्रोनबद्दल मला तुमच्या मित्राशी भांडायचं नाही. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला वरून खालचं जग बघायचंय, की खाली उभं राहून वर काहीतरी आपल्या बोटांवर तोलून धरायचंय? पहिलं असेल तर खुशाल ड्रोन घ्या. कॅमेऱ्याचा ड्रोन स्टिक सोडली की हवेत खिळल्यासारखा उभा राहतो, कारण त्याला तुम्ही फोटो काढावेत एवढंच हवंय. दुसरं असेल, तर त्याच गुणामुळे तुम्हाला त्याचा आठवड्यात कंटाळा येईल. तुम्ही पत्रात त्या पहिल्या संध्याकाळबद्दल लिहिताना सोफ्याच्या हाताचा उल्लेख केलात. उंच नेल्याचा केला नाहीत. अलगद उतरवल्याचा केलात. मला तरी उत्तर तिथे दिसतं.

वयाचंही बोलून टाकू. रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं १९३० च्या दशकात उडायला लागली होती. हेलिकॉप्टर मात्र पुढे तीसेक वर्षं कुणाच्या नीट ताब्यात येईना. १९७० च्या सुमारास डीटर श्ल्यूटर या जर्मन अभियंत्याने ते साधलं, आणि नंतर त्याची किट्स निघाली. त्या काळी शेपटी धरून ठेवायला जायरो नव्हता. माणसं आपल्या अंगठ्याने शेपटी सांभाळत होती, आणि शिकत होती. तुमच्या हाताशी तोल सांभाळायला तीन अक्षांचा जायरो आहे, चुकलं तर एका बटणासरशी यंत्र सरळ करून वर उचलणारी रेस्क्यू सोय काही यंत्रांत आहे, आणि सिम्युलेटर आहे. ४४ हे वय या छंदात अडचणीचं नाही. विशीतल्या मुलाची बोटं चपळ असतात, पण तो तिसऱ्या दिवशी उलटं उडवायला जातो.

सिम्युलेटरला तुम्ही 'व्हिडिओ गेम' म्हणालात. मीही म्हणत होते. गेममध्ये जिंकायचं असतं. इथे जिंकायला काहीच नसतं, तुम्ही एका हिरव्या पडद्यासमोर बसून एका ठिपक्याला जागेवर उभं करायचा प्रयत्न करता आणि दर दहा सेकंदांनी आपटता. फार कंटाळवाणं काम आहे. पण प्रत्येक आपटीनंतर एक बटण दाबलं की नवं हेलिकॉप्टर उभं, ना पाती बदलायची ना शाफ्ट. रिअलफ्लाइट, हेली-एक्स, ॲक्युआरसी असे कितीतरी आहेत. कुठला हे फारसं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तो तुमच्या स्वतःच्या रिमोटने चालवायचा, कीबोर्डने किंवा गेमच्या कंट्रोलरने नाही. बरेच रिमोट वायरने थेट संगणकाला जोडता येतात, नाहीतर छोटं डाँगल मिळतं. हात ज्या स्टिकवर बसवायचा आहे त्याच स्टिकवर बसवा.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, रविवारी तीन तास नको. आधी शेपटी स्वतःकडे ठेवून जागेवर उभं राहायचं. एका चौकटीत मिनिटभर ते उभं राहिलं, की शेपटी जराशी तिरकी, मग पूर्ण डावी बाजू तुमच्याकडे, मग उजवी. एक बाजू नेहमी जास्त अवघड जाते, आणि आपण तिला टाळतो. टाळायची नाही. सगळ्यात शेवटी नाक स्वतःकडे.

नाक स्वतःकडे आलं की काय होतं, ते सांगते. सगळं आरशासारखं उलटं होतं. हेलिकॉप्टर तुमच्या डावीकडे घसरायला लागतं. डोकं सांगतं, उजवीकडे स्टिक दे. तुम्ही देता, ते आणखी जोरात डावीकडे जातं. डोकं म्हणतं, अजून दे. मी मैदानावर पहिल्यांदा या जागी आले तेव्हा माझ्या बोटांनी काम करणंच थांबवलं. यंत्र कोसळताना मी ते नुसतं बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. त्यावर एक साधी युक्ती आहे: नाक तुमच्याकडे असताना ते ज्या बाजूला कललं असेल, त्याच बाजूला स्टिक द्यायची, कललेल्या बाजूखाली टेकू दिल्यासारखी. डावीकडे कललं, तर डावीकडे टेकू. काही दिवस हे मनात म्हणावं लागतं, मग एक दिवस लक्षात येतं की आपण म्हणायचं विसरलो आणि तरी ते उभं आहे. तो दिवस मला आलेला अजून आठवतो. मी खुर्चीवरून उठून घरात सांगायला गेले आणि कुणालाच कळेना की पडद्यावरचं हेलिकॉप्टर हललं नाही यात आनंद कसला.

माझा स्वतःचा अंदाज असा की वीस-तीस तास सिम्युलेटरवर गेले, की खरं उडवताना निदान घाम कमी येतो. आकड्यापेक्षा खूण बघा. एका बॅटरीचा वेळ म्हणजे साधारण पाच मिनिटं, तेवढा वेळ चारही बाजूंनी न आपटता उभं राहता आलं, की मैदानाचा विचार करा.

ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही आणि हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी: लोक आधी हेलिकॉप्टर घेतात, मग रिमोट, मग आपटल्यावर सिम्युलेटर. याच्या अगदी उलट्या क्रमाने घ्या. रिमोट आधी, आणि तोच चांगला घ्या, कारण तो पुढची चार-पाच हेलिकॉप्टरं जगतो. त्याच्यासोबत सिम्युलेटर. मग शंभर ग्रॅमच्या आसपासचं किंवा त्याहून हलकं, रेस्क्यूची सोय असलेलं छोटं कलेक्टिव्ह पिच यंत्र. ते आपटलं तर बहुतेक वेळा उचलून परत उडवता येतं, कारण वजनच एवढंसं. चार चॅनलचं, एकाच रोटरचं फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन कायम ठेवणारं) हेलिकॉप्टरही वाईट नाही. दिशांचा अंदाज यायला ते छान, फक्त वाऱ्यात त्याचं काही चालत नाही. घेण्याआधी त्याची पाती, शाफ्ट, मुख्य गिअर सहज मिळतात का, एवढं नक्की बघा. सुटे भाग न मिळणारं स्वस्त हेलिकॉप्टर पहिल्या आपटीनंतर शोभेचं होतं. आणि आपल्या देशातले नियम वाचा. ड्रोनचे नियम पुष्कळ ठिकाणी मॉडेल हेलिकॉप्टरलाही लागतात, आणि २५० ग्रॅम ही रेषा बऱ्याच देशांनी मानली आहे. तुमचं ४५० त्याच्या कितीतरी वर जातं.

परत तुमच्याकडे. ते वापरलेलं यंत्र दोनदा उलथलं आहे, तेव्हा जायरो बरोबर निघाला तरी ते उडवण्याजोगं आहे असं समजू नका. पाती धरणारा आडवा दांडा काढून काचेवर लोळवा, जरा जरी थबकत किंवा उड्या मारत गेला तर वाकलाय. मोठ्या प्लास्टिकच्या गिअरचे दात नखाने एकेक मोजत जा. पात्याला केसाएवढी जरी चीर असेल तरी ते पातं गेलं. गोंद लावून चिकटवायचं नाही, ही एक गोष्ट मी हात जोडून सांगते. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा द्रव) लावा, नाहीतर कंपनाने तो हवेत सुटतो.

बॅटरी मात्र तपासत बसू नका. दुसऱ्याकडून आलेली, किती वर्षांची आणि कशी ठेवलेली हे माहीत नसलेली लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी उडवण्यासाठी वापरूच नका, फुगलेली असेल तर आजच घराबाहेर काढा आणि नीट विल्हेवाट लावा. नवी घ्याल तिच्या प्रत्येक सेलचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट, त्याच्यावर कधी नाही. वापरून ३.५ च्या खाली नेऊ नका, ३ च्या खाली गेली तर ती संपलीच म्हणा. लगेच उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची, चांगल्या चार्जरवर त्यासाठी 'स्टोअरेज' असतं. चार्जिंग १सी ने, म्हणजे २,२०० एमएएच च्या बॅटरीला २.२ अँपिअर. उडवून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जला लावायची नाही. आणि चार्ज होत असताना समोर बसायचं, आग धरणार नाही अशा जागी ठेवायचं. 'लावून झोपलो' हे वाक्य या छंदातल्या बऱ्याच वाईट गोष्टींची सुरुवात असते.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हिशेबाची नोकरी करणाऱ्या माणसाला ते मनात येणारच. एखाद्या आपटीला एवढे गेले, असा हिशेब मांडलात तर प्रत्येक उड्डाण जिवावर येईल. महिन्याची एक रक्कम घरात बोलून ठरवा, त्यात बसेल तेवढंच उडवायचं. संपली तर उरलेला महिना सिम्युलेटर. मला वाटतं, तुमच्या बायकोलाही 'किती जाणार' यापेक्षा 'कुठे थांबणार' हे ऐकायचं असेल.

आणि एक बारीकशी शंका. तुम्ही पंधरा दिवसांत स्वतः पाती बदललीत, शाफ्ट बदलला. त्याबद्दल पत्रात एका शब्दाचीही कुरकुर नाही. या छंदात दोन प्रकारची माणसं असतात. काहींना उडवायला आवडतं आणि दुरुस्ती हा दंड वाटतो. काहींना मुळात सोडवून-जोडून बसायलाच आवडतं, उडवणं ही त्याची चाचणी असते. तुम्ही कदाचित दुसऱ्या गटातले असाल. तसं असेल, तर उडायला सहा महिने लागले तरी तुमचं फारसं बिघडणार नाही.

म्हणून विकायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. आज संध्याकाळी ते खाली काढा, पाती आणि मोटरच्या वायरी सोडवा, आणि जायरोची ती चाचणी करा. हवं तर बायकोला शेजारी बसवा. पाती नसलेल्या हेलिकॉप्टरची भीती वाटत नाही, आणि एकाने कलवायचं, दुसऱ्याने चकती बघायची, असं सोपं जातं. चकती कुठल्या बाजूला कलली, तेवढं मला कळवा.